सूर्य एक, घड्याळे अनेक

मार्च महिन्यातील तिसऱ्या रविवारची सकाळ. पुण्यातील एका घरात आजी देवपूजेची तयारी करीत आहेत. आजोबा नित्याप्रमाणे टेकडीवर फिरायला गेले आहेत. दर रविवारी सकाळी आठ वाजता न्यू जर्सीहून मुलाचा दूरध्वनी यायचा, ही गेल्या चार महिन्यांत बसलेली घडी. तिकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि झोपण्यापूर्वी नात आजोबांकडून एक गोष्ट ऐकते. आज मात्र सातलाच घंटा वाजली. "अरे, आज इतक्या लवकर?" आजींनी विचारले. "लवकर नाही गं आई, आमच्याकडे साडेनऊच झालेत. गेल्या रविवारी इकडे घड्याळं तासभर पुढे केली, तुम्हांला सांगायचं राहून गेलं." आजोबा पावणेआठला परतले, तोवर नात झोपी गेली होती. गोष्ट त्या आठवड्यापुरती राहिली.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग या ना त्या रूपाने घडलेला असेल. एके काळी परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र पंधरा दिवसांनी येई आणि त्याच्या घड्याळाशी आपल्या घड्याळाचा काही संबंध नसे. आज संबंध क्षणाचा आहे. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी सिंगापुरात, जावई हिंजवडीच्या कार्यालयात बसून शिकागोच्या वेळेनुसार काम करतो आहे, अशी कुटुंबे आपल्या मध्यमवर्गीय वस्त्यांतून आता सहज आढळतात. त्यामुळे जगाच्या वेळा समजून घेणे हे भूगोलाच्या पुस्तकातील परीक्षेपुरते ज्ञान राहिलेले नसून ते गृहव्यवस्थेचा भाग झाले आहे. मात्र या विषयाला गणिताबरोबरच आणखी एक बाजू आहे. दोन ठिकाणच्या माणसांना एकत्र आणण्यासाठी कोणाला तरी अवेळी जागावे लागते. ते कोणी जागायचे, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

आधी गणित पाहू. पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती ३६० अंशांतून फिरते; म्हणजे एका तासात १५ अंश आणि एक अंश फिरण्यास चार मिनिटे. पूर्वेकडील गावात सूर्य आधी उगवतो आणि पश्चिमेकडे प्रत्येक रेखांशामागे चार मिनिटांनी उशिरा. हे ज्ञान आपल्याकडे नवे नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास ग्रंथरचना करणाऱ्या आर्यभटाने विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांच्या अंतरावर चार नगरे कल्पिली आणि एका नगरीत सूर्य उगवत असता तिच्या समोरच्या नगरीत तो मावळत असतो, हे स्पष्टपणे मांडले. आपल्या ज्योतिर्गणितात उज्जयिनीतून जाणारी रेखा ही मूळ मध्यरेखा मानली जाई. तिच्या पूर्वेस वा पश्चिमेस असलेल्या गावासाठी गणितात जी दुरुस्ती करावी लागे, तिला 'देशांतर संस्कार' असे नाव होते. स्थळ बदलले की वेळ बदलते आणि दोहोंचा मेळ घालण्यासाठी एक समाईक रेखा ठरवावी लागते, ही दोन्ही तत्त्वे त्या नावात आली.

पुढे रेल्वे आणि तारायंत्र आले आणि प्रत्येक गावाने आपापल्या माध्यान्हीवर घड्याळ लावणे अडचणीचे ठरू लागले. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी आपल्या देशाचे कालविभाग पाडले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८८४ मध्ये, वॉशिंग्टन येथे पंचवीस देशांची परिषद भरली आणि इंग्लंडमधील ग्रीनिच येथून जाणारी रेखा शून्य रेखांश म्हणून स्वीकारण्यात आली. तेव्हाही मतैक्य नव्हते. बावीस देशांनी अनुकूल मत दिले, एकाने प्रतिकूल, तर फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. पॅरिसची वेळ सोडण्यास फ्रान्सला १९११ साल उजाडावे लागले. घड्याळाच्या काट्याशीही राष्ट्राचा स्वाभिमान निगडित असतो, याचा हा बोलका पुरावा आहे.

आपल्या मुंबईचा इतिहास तर याहून रोचक आहे. त्या काळी मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, कोलकात्याची ५ तास ५३ मिनिटे, आणि आगगाड्या धावत त्या ५ तास २१ मिनिटांच्या मद्रास वेळेवर. एकाच देशात तीन घड्याळे! हा गोंधळ मिटविण्यासाठी ब्रिटिश सरकारने साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरील, म्हणजे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखेवरील वेळ भारतीय प्रमाणवेळ म्हणून १ जानेवारी १९०६ पासून लागू केली. १५ अंशांना एक तास या हिशेबाने ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे येते. आपल्या वेळेतील त्या अर्ध्या तासाचे मूळ हेच.

मुंबईला ही वेळ मानवली नाही. स्थानिक घड्याळ एकाएकी ३९ मिनिटे पुढे जाणार होते. गिरणीत तांबडे फुटण्यापूर्वी हजर होणाऱ्या कामगाराला तेवढेच आणखी लवकर उठावे लागणार होते आणि त्याने या बदलाविरुद्ध आवाज उठविला. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. सरकारने न विचारता लादलेली वेळ स्वीकारण्यास नगराचे पुढारीही तयार नव्हते. परिणामी मुंबई महापालिकेच्या कारभारात जुनी 'मुंबई वेळ' टिकून राहिली आणि ती १९५५ पर्यंत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे चालू होती. कोलकात्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. आज मागे वळून पाहता संपूर्ण देशाला एक वेळ हवी होती, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या एकवेळेची किंमत पहाटे उठणाऱ्या कामगाराकडून वसूल होत होती आणि त्याला कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

हाच प्रश्न आज ईशान्य भारतात उभा आहे. आपला देश पूर्व-पश्चिम सुमारे २९ अंश पसरलेला आहे. म्हणजे गुजरातच्या पश्चिम टोकापेक्षा अरुणाचलाच्या पूर्व टोकावर सूर्य जवळजवळ दोन तास आधी उगवतो. उन्हाळ्यात तेथे चारच्या सुमारास उजाडते आणि कार्यालये मात्र दिल्लीच्या घड्याळाप्रमाणे दहाला उघडतात. हिवाळ्यात कचेरी सुटण्यापूर्वीच अंधार पडतो. आसामच्या चहामळ्यांनी यावर फार पूर्वीपासून आपला उपाय शोधला आहे. तेथील 'बागान टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालतो. देशाची वेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वैज्ञानिकांनी २०१८ साली ईशान्येसाठी स्वतंत्र प्रमाणवेळेचा प्रस्ताव मांडला होता. एका देशात दोन घड्याळे चालविल्यास सीमेवर काटे बदलताना रेल्वेच्या सुरक्षिततेचा प्रश्न येईल, हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. राष्ट्राची वेळ एकच असावी, असेच आमचे मत आहे. पण म्हणूनच शाळा आणि कार्यालये यांच्या वेळा तेथील सूर्याप्रमाणे तासभर अलीकडे आणण्यास कोणाची हरकत असू नये. घड्याळ सर्वांचे एक असले तरी दिनक्रम प्रदेशागणिक वेगळा असू शकतो. शेजारच्या चीनने १९४९ पासून एवढ्या अवाढव्य देशावर बीजिंगची एकच वेळ लादली. त्याच्या पश्चिमेकडील सिंक्यांगमध्ये लोक आजही दोन तास मागे असलेली वेळ अनौपचारिकपणे पाळतात.

वेळ ही भूगोलाने सुचविलेली असली तरी ती ठरते माणसांच्या संबंधांवरून. प्रशांत महासागरातील सामोआ या लहानशा देशाने हे फार ठळकपणे दाखविले. तेथे शुक्रवार असे तेव्हा न्यूझीलंडमध्ये शनिवार उजाडलेला असे. आणि सामोआचे लोक रविवारची प्रार्थना करीत तेव्हा सिडनीत सोमवारचे व्यवहार सुरू झालेले असत. ज्यांच्याशी व्यापार आणि सोयरसंबंध, त्यांच्याबरोबरचे आठवड्यातील दोन कामाचे दिवस फुकट जात. अखेर २०११ साली सामोआने दिनरेषेची बाजू बदलली आणि त्यासाठी ३० डिसेंबर हा दिवस आपल्या दिनदर्शिकेतून वगळला. गुरुवारी रात्री निजलेली माणसे शनिवारी सकाळी उठली!

आता आपल्या व्यवहाराकडे येऊ. न्यूयॉर्क आणि भारत यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. लंडनशी तो अनुक्रमे साडेपाच आणि साडेचार तास, तर सॅन फ्रान्सिस्कोशी साडेतेरा आणि साडेबारा तास. भारत, दुबई, सिंगापूर, जपान येथे घड्याळे वर्षभर स्थिर असतात. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा अमेरिका व युरोप यांच्यातील नेहमीचे अंतरही बदललेले असते. त्यातही अमेरिकेतील हवाई राज्य आणि अ‍ॅरिझोनाचा बहुतांश भाग ही प्रथा पाळत नाही. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे, त्यामुळे सिडनीची घड्याळे ऑक्टोबरमध्ये पुढे जातात आणि एप्रिलमध्ये मागे येतात. युरोपीय संसदेने २०१९ साली ही प्रथा बंद करण्याच्या बाजूने मत दिले होते, तरी ती अद्याप चालूच आहे. आपल्याला हे विचित्र वाटते खरे, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, भारताची घड्याळेही अशीच तासभर पुढे केली गेली होती.

या माहितीतून काही साधे नियम निघतात. वेळ ठरविताना नुसते "उद्या सकाळी नऊला" असे म्हणू नये. गावाचे नाव, वार, तारीख आणि दोन्हीकडची वेळ असे चारही तपशील लिहावेत. 'आय.एस.टी.' या तीन अक्षरांवर विसंबू नये, कारण आयर्लंड आणि इस्रायल येथील लोकही आपापल्या वेळेसाठी तीच अक्षरे वापरतात. 'पुण्याची वेळ', 'न्यूयॉर्कची वेळ' हे म्हणणे अधिक सुरक्षित. मध्यरात्रीच्या बारापासून तर दूरच राहावे. रात्री १२ वाजून १० मिनिटांची गाडी कोणत्या तारखेची, या घोळात एक दिवस उशिरा स्थानकावर पोहोचणारे प्रवासी आपण सर्वांनी पाहिले आहेत. रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे चोवीस तासांची पद्धत वापरली की हा संशय उरत नाही. आणि मार्च, एप्रिल, ऑक्टोबर व नोव्हेंबर हे चार महिने आपल्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत. पुण्याच्या आजोबांची गोष्ट राहिली ती एवढ्या एका खुणेअभावी.

सणवारांच्या बाबतीतही असाच एक घोळ दरवर्षी होतो. परदेशातील मुले येथील पंचांग पाहून त्याच तारखेला तेथे सण करतात किंवा "आईकडे उद्या आहे, मग आमच्याकडे आज कसा?" असे विचारतात. तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातील कोनावरून ठरते. ती संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो. पण दिवसाला नाव मिळते ते सामान्यतः त्या त्या गावी सूर्योदयाला असलेल्या तिथीवरून. उदाहरणार्थ, एखादी तिथी उन्हाळ्यात पुण्याच्या मंगळवारी सकाळी दहाला संपत असेल, तर पुण्यात मंगळवार त्या तिथीचा. तोच क्षण न्यूयॉर्कमध्ये सोमवार संपून रात्री साडेबाराचा असतो. तेथे मंगळवारचा सूर्य उगवेपर्यंत पुढची तिथी लागलेली असते. म्हणून तेथे ती तिथी सोमवारची. काही सणांसाठी सूर्योदयाऐवजी मध्यान्ह वा प्रदोषकाळ पाहतात, पण तोही त्या गावचाच. तेव्हा मुलांनी आपल्या शहरासाठी केलेले पंचांग पाहावे आणि येथील वडीलधाऱ्यांनी तारीख वेगळी आली म्हणून मन खट्टू करू नये. देशांतर संस्काराचा हाच तर अर्थ आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. न्यूयॉर्कचे कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. म्हणजे आपला कामाचा दिवस संपलेला असतो. लंडनशी काही तास तरी एकत्र मिळतात, अमेरिकेशी जवळजवळ नाहीतच. पुणे, लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को यांची एकत्र बैठक घ्यायची तर लंडनला दुपारचे चार, सॅन फ्रान्सिस्कोला सकाळचे आठ आणि पुण्याला हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हाच त्यातल्या त्यात सुसह्य मेळ. एखाद्या वेळी हे ठीक आहे. पण दर वेळी रात्र पुण्याचीच का? ग्राहक त्यांचा, पैसा त्यांचा, म्हणून वेळही त्यांची, हे गृहीत आपल्या तरुणांनी आणि त्यांच्या व्यवस्थापकांनी निमूटपणे स्वीकारले आहे. सायंकाळी मुलांचा अभ्यास घेणारा बाप, रात्री एकत्र जेवणारे कुटुंब, सकाळचा व्यायाम, शेजारपाजारच्या सुखदुःखात जाणे हे सारे या गृहीतापायी आटत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली शरीराचे नैसर्गिक चक्र बिघडविणारे रात्रपाळीचे काम 'कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत' या वर्गात घातले आणि २०१९ च्या फेरविचारानंतरही रात्रपाळीला त्याच वर्गात ठेवले. तेव्हा ही केवळ गैरसोयीची तक्रार म्हणून सोडून देता येणार नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. अवेळी जागण्याची पाळी फिरती ठेवावी. एका महिन्यात पुण्याने रात्री साडेनऊला बसावे, दुसऱ्या महिन्यात पुण्याच्या सकाळी साडेसातला बसावे, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोत हिवाळ्यात संध्याकाळचे सहा होतील. लंडनला रात्र पडते म्हणून त्याने टिपण वाचून घ्यावे. प्रत्येक गोष्टीसाठी बैठकही लागत नाही. नीट लिहून ठेवलेले टिपण पलीकडच्या माणसाला त्याच्या सकाळी वाचता येते. उद्योगात वरिष्ठ पदांवर असलेल्या आमच्या वाचकांनी ही मागणी संकोच न करता मांडावी. परदेशी सहकाऱ्याला आपली मध्यरात्र ठाऊकच नसते, असेही पुष्कळदा आढळते. त्याला सांगणे हे आपले काम आहे.

घरातही हाच न्याय लागू आहे. दूरध्वनीची वेळ एकदा मुलांच्या सोयीने, तर एकदा आई-वडिलांच्या सोयीने असावी. आणखी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने शांतपणे बसून ठरवून ठेवावी. वृद्ध आई-वडिलांपैकी कोणाला रात्री अचानक रुग्णालयात न्यावे लागले, तर परदेशातील मुलाला कोणत्या वेळी उठवायचे? "त्याची झोपमोड कशाला" म्हणून आई थांबते आणि सकाळी कळल्यावर मुलगा जन्मभर हळहळतो, असे होऊ देऊ नये. अशा वेळी घड्याळ पाहायचे नाही, हे दोन्ही बाजूंनी आधीच बोलून ठेवलेले बरे. शेजारी आणि स्नेही मंडळींनीही आपल्या आळीत ज्यांची मुले दूर आहेत, त्यांची यादी मनाशी ठेवावी. पलीकडे पहाटेचे तीन वाजलेले असताना धावून येतो तो शेवटी समोरच्या दारातलाच माणूस.

आजोबांनी आता दिवाणखान्यात एक दुसरे घड्याळ लावले आहे. त्याच्याखाली नातीने चिठ्ठीवर लिहून पाठविलेले तिचे नाव चिकटविले आहे. नोव्हेंबर उजाडला की ते घड्याळ एक तास मागे करायचे, हे त्यांनी दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवले आहे. आमच्या वाचकांनीही या रविवारी आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर ती खूण करावी आणि कार्यालयातील पुढच्या बैठकीची वेळ ठरताना "या वेळी पाळी कोणाची?" असे एकदा अवश्य विचारावे.